इंजिनाचे पाणी : लांबच्या सफरीपूर्वीची तयारी

(रब्बी हंगामाच्या तोंडावर जाफराबाद येथे शेतकरी, ट्रॅक्टरचालक व तरुण कारागीर यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. समुद्रात जाणाऱ्या बोटींची इंजिने लांबच्या सफरीपूर्वी कशी तयार करतात, हे सांगण्यासाठी जाफराबादइतके अडचणीचे ठिकाण शोधून सापडावयाचे नाही. गुजरातच्या किनाऱ्यावर जाफराबाद नावाचेच एक बंदर आहे. एके काळी ते जंजिऱ्याच्या सिद्दींच्या ताब्यात होते आणि आज तेथील बोंबील प्रसिद्ध आहेत. तेथे हा विषय शोभला असता. आपले जाफराबाद मात्र पूर्णा आणि केळना यांच्या संगमावरचे. येथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. येथील नद्यांना पावसाळ्यात पूर येतो आणि उन्हाळ्यात त्यांच्या पात्रात वाळू दिसते.

तरीही हा विषय मी मुद्दाम निवडला आहे. विहिरीवरील डिझेल पंप, शेतातील ट्रॅक्टर, दवाखान्यामागील जनित्र आणि मासेमारीची यांत्रिक नौका यांच्या पोटात एकाच कुळातील यंत्र असते. त्या यंत्राला ज्या कारणाने सर्वाधिक वेळा अपमृत्यू येतो ते कारणही सर्वत्र एकच आहे. ते कारण म्हणजे पाणी. ते कधी कमी पडते, कधी अडते, कधी वाईट असते, तर कधी चुकीच्या वेळी ओतले जाते.

एका बादलीची किंमत

ही गोष्ट मी पुस्तकात वाचण्यापूर्वी शेतावर शिकलो. साल १९७५. १९७२ च्या दुष्काळातून गावे नुकती सावरत होती. आमच्या चुलत्यांनी कर्ज काढून विहिरीवर पाच अश्वशक्तीचे डिझेल इंजिन बसविले होते. दोन एकर गहू होता. पीक ओंब्यांत येऊन दाणा दुधात होता. इंजिनावर लक्ष ठेवण्यासाठी मला बसविले होते. माझे वय तेव्हा चौदा वर्षांचे.

त्या इंजिनाला थंड ठेवणारे पाणी पंपाच्या डिलिव्हरी पाइपातून एका बारीक रबरी नळीने येत असे व सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून फिरून पाटात पडत असे. ती नळी शेवाळाने तुंबली. पंपाचे पाणी पाटाने वाहत होते, त्यामुळे माझ्या लक्षात काहीच आले नाही. वास येऊ लागला, वाफ दिसली, तेव्हा मी घाबरलो. पळत जाऊन विहिरीच्या गार पाण्याची बादली भरली आणि तापून लाल व्हावयाच्या बेतात आलेल्या इंजिनाच्या डोक्यावर ओतली. टण्‌ असा आवाज झाला. सिलिंडर हेडला आरपार चीर गेली होती.

नवे हेड जालन्याहून येऊन बसेपर्यंत नऊ दिवस गेले. विहिरीत पाणी होते, इंधन होते, माणसे होती, आणि डोळ्यांदेखत गव्हाचा दाणा पोचट झाला. चुलते मला मारतील असे वाटले होते. ते एवढेच म्हणाले, "घाबरलास म्हणून ओतलंस, बाळा. पण आधी हाक मारायची होतीस." त्या वर्षी घरात लग्न ठरले होते, ते पुढे ढकलावे लागले.

पुढे पोटापाण्यासाठी मी कोकणकिनाऱ्यावर गेलो आणि मच्छीमार नौकांच्या इंजिनांची दुरुस्ती करण्यात उमेदीची वर्षे घालविली. तेथे पाहिले की, जी चूक शेतात गहू घेऊन जाते ती समुद्रात माणसे घेऊन जाऊ शकते. म्हणून तेथील लोक सफरीपूर्वी इंजिनाची जी तयारी करतात ती अधिक कसोशीची असते. ती कसोशी आपल्या विहिरीवर आणावी, एवढाच माझ्या बोलण्याचा हेतू आहे.

उष्णता जाते कोठे?

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याच्या इंजिनाची यशस्वी चाचणी १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे झाली. १९१२ मध्ये 'सेलांडिया' हे डॅनिश जहाज डिझेल इंजिनांच्या बळावर कोपनहेगनहून निघून बँकॉकपर्यंत गेले. वाफेच्या बॉयलरवाचून महासागर ओलांडता येतो, हे त्यामुळे जगाला पटले. पुढे इंग्लंडमधील लिस्टर कंपनीची संथ गतीची, मिनिटाला ६५० फेरे घेणारी इंजिने विहिरींवर पोहोचली. त्याच धाटणीची इंजिने राजकोटमध्ये मोठ्या प्रमाणावर बनू लागली. आपल्या महाराष्ट्रात १९४६ मध्ये पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि 'किर्लोस्कर' हे नाव विहिरीवरच्या इंजिनाचे जणू दुसरे नावच होऊन बसले.

इंजिनात जळणाऱ्या डिझेलची सगळी शक्ती कामी येत नाही. ढोबळमानाने तिचे तीन वाटे पडतात. एक वाटा पंप किंवा पंखा फिरविण्याच्या कामी येतो. दुसरा धुरावाटे बाहेर जातो. तिसरा वाटा सिलिंडरच्या भिंतींत शिरतो आणि तो तेथून सतत काढून घ्यावा लागतो. सिलिंडरच्या आत जळणाऱ्या वायूचे तपमान क्षणभर सुमारे २,००० अंश सेल्सिअसपर्यंत चढते, आणि ओतीव लोखंड तर त्याच्या कितीतरी आधी वितळते. भिंत तापली की तिच्यावरील वंगणाचा पातळ थर जळून जातो. मग पिस्टन लायनरला घासतो, फुगतो आणि अडकतो. इंजिन 'जाम' झाले असे आपण म्हणतो ते हेच.

थोडा हिशेब करू. पाच अश्वशक्ती म्हणजे सुमारे ३.७ किलोवॉट. साधारण तितकीच उष्णता पाण्याने वाहून न्यावयाची आहे, असे धरू. विहिरीचे ३० अंशांचे पाणी इंजिनातून ६५ अंशांवर बाहेर पडत असेल, तर मिनिटाला सुमारे दीड लिटर पाणी पुरते. पाच अश्वशक्तीचा पंप सेकंदाला कित्येक लिटर उपसतो. म्हणजे इंजिनाला स्वतःसाठी लागणारे पाणी त्याच्या कमाईच्या मानाने नगण्य आहे. परंतु तेवढे दीड लिटर दर मिनिटास, न चुकता मिळाले पाहिजे. इंजिनावर टाकी असेल आणि पाणी उकळून वाफेने उष्णता जात असेल, तर तासाला पाच लिटरच्या आसपास पाणी उडून जाते. रात्रभर इंजिन चालवून सकाळी टाकीत पाहणाऱ्याला हा हिशेब महागात पडतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. इंजिन जितके थंड तितके चांगले, असे मुळीच नाही. फार थंड इंजिनात इंधन पुरते जळत नाही, काजळी धरते, वंगण तेल पातळ होते. इंधनातील गंधकापासून निर्माण होणारे आम्ल थंड भिंतीवर दव धरावे तसे साचते आणि लायनर झिजविते. तेव्हा इंजिनाला माफक ऊब हवी. पाणी फिरविण्याच्या सगळ्या व्यवस्थेचा हेतू तपमान एका पातळीवर राखणे हा आहे.

समुद्रावरील दोन पाणी

आता नौकेच्या इंजिनाकडे वळू. समुद्राचे पाणी चोहीकडे आहे, पण ते खारे आहे. ते थेट इंजिनात फिरविले तर सुमारे ५० अंशांच्या वर त्यातील क्षार भिंतींवर बसू लागतात, आणि लोखंड गंजते ते वेगळेच. म्हणून बहुतेक नौकांत दोन पाणी ठेवतात. गोड्या पाण्याचा एक बंद फेरा इंजिनाच्या आत फिरतो. खाऱ्या पाण्याचा दुसरा, उघडा फेरा समुद्रातून येऊन समुद्रातच जातो. या दोन पाण्यांची गाठ उष्णता-विनिमयक नावाच्या नळकांड्यात पडते. त्यात तांब्याच्या मिश्रधातूच्या बारीक नळ्यांचा जुडगा असतो. नळ्यांच्या आतून एक पाणी आणि बाहेरून दुसरे. पाणी पाण्याला शिवत नाही, उष्णता मात्र इकडून तिकडे जाते.

खारे पाणी आत घेण्यासाठी बोटीच्या तळाशी एक झडप असते. त्यानंतर गाळणी. त्यानंतर रबरी पात्यांचे चक्र असलेला पंप. या चक्राला इंपेलर म्हणतात. पाण्यानेच त्याला वंगण मिळते. झडप उघडावयास विसरून इंजिन चालू केले, तर कोरड्या पंपात ही रबरी पाती मिनिटा-दोन मिनिटांत जळून तुटतात. उष्णता-विनिमयकात जस्ताची एक कांडी बसविलेली असते. खाऱ्या पाण्यात धातू झिजावयाचेच. ती झीज जस्ताने आपल्यावर ओढून घ्यावी आणि नळ्या वाचाव्यात, अशी ही योजना आहे. कांडी निम्मी झिजली की बदलावयाची.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. समुद्र खवळलेला असतो आणि माशांच्या विणीचा काळही हाच. हे दोन महिने नौका किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि इंजिने उघडतात. कामाचा क्रम ठरलेला असतो. तळाची झडप पुरती उघडते व मिटते ना, हे प्रथम पाहावयाचे. गाळणीची जाळी काढून धुवावयाची. इंपेलर दिसावयास चांगला असला तरी बदलावयाचा आणि जुना सुटा भाग म्हणून बोटीवर ठेवावयाचा. जस्ताची कांडी तपासावयाची. नळ्यांच्या जुडग्यातून मऊ काठी फिरवून शिंपल्यांचे तुकडे व गाळ काढावयाचा. रबरी होज हाताने दाबून पाहावयाचे. कडक झालेला, भेगाळलेला किंवा लोण्यासारखा मऊ पडलेला होज बदलावयाचा. बंद फेऱ्यातील पाणी सोडून नवे भरावयाचे. शेवटी बोट पाण्यात उतरल्यावर इंजिन तासभर भाराखाली चालवून तपमानाचा काटा कोठे स्थिर होतो ते पाहावयाचे.

यांपैकी एकही पायरी गाळावयाची नसते. माझ्या पाहण्यातील एक प्रसंग सांगतो. एका नौकेच्या इंपेलरची दोन पाती तुटलेली आढळली. कारागिराने नवा इंपेलर बसविला, पण तुटलेली पाती गेली कोठे याचा शोध केला नाही. ती पुढे वाहत जाऊन उष्णता-विनिमयकाच्या तोंडाशी अडकली होती. किनाऱ्याजवळच्या चाचणीत काही कळले नाही. भर समुद्रात, जाळे पाण्यात असताना, इंजिन तापू लागले. तांडेलाने प्रसंगावधान राखून भार उतरविला व इंजिन बंद केले. दुसऱ्या नौकेने त्यांना ओढून आणले, तोवर एक रात्र आणि निम्मा दिवस गेला. सहा माणसे होती. वारा पडलेला होता म्हणून निभावले. तेव्हापासून मी एक नियम केला : जो भाग तुटला त्याचा प्रत्येक तुकडा हातात आल्याखेरीज काम संपले असे मानावयाचे नाही.

आपली सफर : दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत

मच्छीमारांचा हंगाम नारळी पौर्णिमेच्या सुमारास सुरू होतो. आपली लांबची सफर दसऱ्यानंतर सुरू होते. गव्हाला मुकुटमुळे फुटताना, म्हणजे पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, पाणी हवे असते. पुढे ४० ते ४५ दिवसांनी कांडी धरताना, ६० ते ६५ दिवसांनी फुलोऱ्यात आणि ८० ते ८५ दिवसांनी दाणा भरताना ते हवे असते. या दिवसांत इंजिन आठ दिवस बंद पडले, तर पुढे कितीही पाणी दिले तरी गेलेला दाणा भरून येत नाही. बियाण्याच्या पिकाची गोष्ट आणखी नाजूक. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको कंपनी स्थापन केल्यापासून जालना हे नाव देशभर बियाण्यांसाठी ओळखले जाऊ लागले. बीजोत्पादनाचा प्लॉट घेणाऱ्या शेतकऱ्याचा सारा वर्षाचा हिशेब परागीकरणाच्या थोड्या दिवसांवर अवलंबून असतो. वीज गेली असता ठिबक चालविणारे जनित्र त्या दिवसांत बंद पडून चालत नाही.

खंडेनवमीला आपण इंजिनाला व ट्रॅक्टरला हळदकुंकू लावतो, झेंडूचा हार घालतो. ही चाल चांगली आहे. माझी विनंती एवढीच की, हार घालण्याच्या आदल्या दिवशी थंड इंजिनाचे झाकण उघडून आत पाहावे. कोकणातील लोकांना जे दोन महिने मिळतात, त्याऐवजी आपणांस एक दिवस पुरेल.

विहिरीवरील पाटपाण्याच्या इंजिनाचे पाहू. पंपाच्या डिलिव्हरीतून येणारी बारीक नळी काढून तोंडाने फुंकून पाहावी व तारेने साफ करावी. जेथून ती निघते तेथे बारीक जाळी बसवावी. फूटव्हॉल्व्हची जाळी फाटलेली असेल तर पालापाचोळा वर येतो, म्हणून तीही पाहावी. इंजिनाच्या पोकळीचे तळाचे बूच काढून गाळ वाहून जाऊ द्यावा. इंजिनातून बाहेर पडणारे पाणी डोळ्यांसमोर पडेल अशी नळी वळवावी. नौकेवरील माणूस बोटीच्या मागे धुराबरोबर पडणाऱ्या पाण्याकडे सारखा पाहत असतो. ते पाणी त्याला इंजिनाची नाडी सांगते. आपणही त्या धारेवर नजर ठेवावी. धार कोमट असेल तर इंजिन फार थंड चालते आहे, म्हणून पाण्याचा पुरवठा थोडा कमी करावा. धारेत हात क्षणभरच धरवत असेल, म्हणजे पाणी ६० ते ७० अंशांच्या आसपास असेल, तर ठीक. वाफ दिसली तर धोका.

ट्रॅक्टर व जनित्राच्या इंजिनाला रेडिएटर असतो. त्याच्या पन्ह्यांत कापसाचे तंतू, भुसा आणि धूळ यांचा नमदा बसतो. मळणीच्या दिवसांत तर दोन दिवसांत बसतो. तो पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेने हवा किंवा हलकी पाण्याची धार मारून काढावा. पन्हे वाकतील इतका जोर करू नये. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहावा. साधारण एक सेंटिमीटर दबला तर ताण योग्य समजावा, आणि पुस्तिकेत माप दिले असेल तर तेच पाळावे. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक छिद्रातून पाणी ठिबकत असेल, तर आतील सील संपत आले आहे असे समजावे. ते छिद्र मेणाने किंवा खिळ्याने बुजविणारे कारागीर मी पाहिले आहेत. तसे केल्याने पाणी बेअरिंगमध्ये जाते आणि थोड्या पैशांचे काम मोठ्या खर्चाचे होते.

पाण्याची परीक्षा

समुद्रावर मीठ हा शत्रू, तर आपल्याकडे जडपणा. आपली जमीन काळ्या पाषाणाची. तिच्यातून झिरपून आलेल्या पाण्यात चुना व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. घरातील पाणी तापविण्याच्या पातेल्याच्या तळाशी जो पांढरा थर धरतो, तोच थर इंजिनाच्या आतही धरतो, फक्त तो दिसत नाही. हा थर उष्णता वाहून नेण्यात ओतीव लोखंडाच्या सुमारे वीसपट कच्चा आहे. म्हणजे मिलिमीटरभर थर बसला की जणू भिंत बोटभर जाड झाली. पाणी भरपूर फिरते आहे, काटाही ठीक दिसतो आहे, आणि तरीही पिस्टन आत तापतो आहे, असे त्यामुळे घडते.

याला सर्वांत स्वस्त उपाय आपल्या छपरावर पडतो. पावसाचे पाणी जवळजवळ निःक्षार असते. पहिल्या दोन-चार सरींनी पत्रे धुऊन निघाल्यावर पडणारे पाणी स्वच्छ फडक्यातून गाळून दोन-तीन प्लॅस्टिकच्या डब्यांत भरून ठेवावे. एका ट्रॅक्टरच्या रेडिएटरला वर्षभर पुरेल एवढे पाणी अर्ध्या तासाच्या पावसात मिळते. तेही नसेल तर उकळून थंड केलेले व निवळलेले पाणी कच्च्या पाण्यापेक्षा बरे. आधीच बसलेला थर लिंबूसत्वाच्या सौम्य द्रावणाने सुटतो. त्यानंतर पोकळी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवावी. तीव्र आम्लाचा प्रयोग घरी करू नये. त्याने अॅल्युमिनियमचे भाग खाल्ले जातात आणि डोळे जाण्याची भीती असते.

बंद फेऱ्यासाठी बाजारात कूलंट मिळते. थंडीत पाणी गोठू नये यासाठी ते निघाले, हे खरे, आणि जाफराबादेत पाणी गोठत नाही. पण त्यातील गंजरोधक द्रव्ये येथेही उपयोगी आहेत. त्याने पाण्याचा उत्कलनबिंदूही थोडा वर जातो. ते बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणात मिसळावे, दोन निराळ्या प्रकारांची सरमिसळ करू नये आणि सांगितलेल्या मुदतीत बदलावे. एक सूचना मात्र घरातील सर्वांनी लक्षात ठेवावी. नेहमीच्या कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि अत्यंत विषारी आहे. जुने कूलंट गोठ्याजवळ, पाटात किंवा उघड्या घमेल्यात टाकू नये. जनावर किंवा मूल ते पिऊ शकते.

चार सवयी सोडाव्यात

पहिली सवय थर्मोस्टॅट काढून टाकण्याची. इंजिन तापते म्हणून कारागीर ही लहानशी झडप काढून फेकतो आणि गिऱ्हाइकास बरे वाटते. वस्तुतः ही झडप इंजिनाला योग्य ऊब येईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. ती बिघडली आहे की नाही, हे पाहणे अगदी सोपे आहे. पातेल्यात पाणी घेऊन त्यात ती दोरीने टांगावी आणि पाणी तापवावे. तिच्यावर जो अंश कोरलेला असतो, बहुधा ८२ च्या आसपास, तेथे ती उघडू लागली पाहिजे. न उघडल्यास नवी बसवावी.

दुसरी सवय गरम रेडिएटरचे झाकण उघडण्याची. हे झाकण दाब धरते, म्हणून आतील पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब सुटतो, पाणी एकदम वाफ होऊन उसळते आणि तोंड, छाती, हात भाजतात. झाकणाला हात लावता येईल इतके इंजिन निवेपर्यंत थांबावे. मग जाड फडके घेऊन झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवावे आणि सुरसुर थांबल्यावरच पुरते काढावे. झाकणाचे रबर फाटलेले असेल तर झाकण बदलावे.

तिसरी सवय पाणी उडाले की नुसते भरत राहण्याची. बंद फेऱ्यातील पाणी आपोआप कमी होत नाही. ते कोठेतरी जात असते. बाहेर ओल दिसत नसेल तर वंगण तेलाची कांडी काढून पाहावी. तेल दुधाळ दिसले तर हेड गॅस्केट गेले किंवा लायनरचे सील गेले, असे समजून इंजिन चालविणे थांबवावे.

चौथी सवय माझी स्वतःची, १९७५ सालची. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये. इंजिन तापल्याचे दिसताच प्रथम भार काढावा. पाणी फिरत असेल तर इंजिन मंद गतीवर काही मिनिटे चालू ठेवावे, म्हणजे उष्णता हळूहळू निघून जाईल. पाणी संपलेले असेल किंवा फिरतच नसेल, तर इंजिन लगेच बंद करावे. मग त्याला आपोआप निवू द्यावे. तासभर गेला तरी चालेल. निवल्यावर थोडेथोडे पाणी भरावे, आणि कारण सापडल्याखेरीज पुन्हा चालू करू नये.

एक वही

जहाजावर इंजिनाची एक वही असते. पहारा बदलला की प्रत्येक जण तीत तपमान, तेलाचा दाब व काही वेगळे दिसले असल्यास ते लिहितो. या वहीमुळे काटा काल ७८ वर होता, आज ८१ वर आहे आणि उद्या ८४ वर जाईल, हे आधीच कळते. बिघाड क्वचितच एकाएकी होतो. बहुधा तो आठ-पंधरा दिवस आधीपासून सांगत असतो.

आपणही इंजिनाच्या खोलीत खिळ्याला एक वही व पेन्सिल टांगावी. तारीख, किती तास चालले, किती पाणी भरले, काटा कोठे होता आणि काय बदलले, एवढेच लिहावे. घरातील शाळकरी मुलामुलींना हे काम द्यावे. ती ते आवडीने करतात. माझ्या हातात त्या वेळी अशी वही असती आणि नळीतून पडणारी धार पाहावयाची असते हे मला कोणी सांगितले असते, तर तो गहू वाचला असता. मुलाला इंजिनाजवळ बसवावयाचे असेल तर त्याला काय पाहावयाचे, कशाला हात लावावयाचा नाही आणि केव्हा हाक मारावयाची, या तीन गोष्टी अगोदर सांगाव्यात.

येथे बसलेल्या तरुणांना आणखी एक सांगावयाचे आहे. विहिरींवर आता विजेचे पंप आहेत, सौर पंपही येत आहेत, आणि ते यावेत. पण ट्रॅक्टर, मळणीयंत्रे, जनित्रे, ट्रक आणि नौका यांची डिझेल इंजिने पुढील कित्येक वर्षे माणसाच्या हाताची वाट पाहणार आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम असतो. तो शिकलेला मुलगा येथील ट्रॅक्टर दुरुस्त करील आणि मनात आणले तर किनाऱ्यावरच्या गोदीतही उभा राहू शकेल. समुद्र पाहिलेला नसणे ही त्याला अडचण होणार नाही. मीही तो पाहिलेला नव्हता. उष्णता कोठून येते, कोठे जाते आणि मध्ये काय अडते, हे ज्याला कळले त्याला कोणतेही इंजिन परके वाटत नाही.

रब्बीची पेरणी तोंडावर आहे. आपल्या घरी परतल्यावर आज इंजिन थंड असतानाच त्याचे झाकण उघडा, बारीक नळी काढून फुंका आणि बाहेर पडणारी धार कोठे दिसते ते पाहा. एवढे काम कंदिलाच्या उजेडातही होते.